पहिलं पुस्तक एकदाच निघतं

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका आरोग्यसेविकेच्या पहिल्या कवितासंग्रहाचं आहे. गावात त्यांना लहानथोर सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते. माणसं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा आणि घटनाक्रम मात्र आहेत तसे ठेवलेत, कारण नव्या कवीला नेमकं तेच कुणी सांगत नाही. सिस्टरांनी हा मजकूर वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि मग होकार दिला.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय सांभाळते. आमचं कवितेचं कपाट भरलेलं आहे, पण त्यातली बरीच पुस्तकं कवींनी स्वतः आणून दिलेली. आतल्या पानावर ‘सस्नेह भेट’ आणि सही असते. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नसतो. ती कोरी चिठ्ठी बघून मला दरवेळी वाईट वाटतं, कारण त्या पुस्तकासाठी कुणीतरी घरातले पैसे मोडलेले असतात.

सिस्टर तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या. उपकेंद्रात १६ वर्षं झाली होती. पाच गावं आणि तीन वस्त्या त्यांच्याकडे. २०१५पासून त्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर कविता लिहीत होत्या. २०२०च्या टाळेबंदीत एका व्हॉट्सॲप समूहात गेल्या. सकाळी विषय यायचा, रात्री नऊपर्यंत कविता टाकायची, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. दीड वर्षात ८४ प्रमाणपत्रं जमली. दोन प्रातिनिधिक, म्हणजे अनेक कवींच्या मिळून काढलेल्या, कवितासंग्रहांत प्रत्येकी ७०० रुपये भरून एकेक कविता छापूनही आली. त्या समूहाला मी नावं ठेवणार नाही. दिवसभर लसीकरण आणि सर्वेक्षण करून आलेल्या बाईला रोज लिहायला बसवणारं दुसरं कुणी तिच्या आसपास नव्हतं.

ऑगस्ट २०२१मध्ये समूहातल्या एकाच्या ओळखीने एका प्रकाशकाचा फोन आला. ११२ पानं, ५०० प्रती, मुखपृष्ठ, प्रस्तावना, मलपृष्ठावरची पाठराखण, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रकाशन सोहळा आणि वर एक राज्यस्तरीय पुरस्कार, सगळं मिळून ४५,००० रुपये. सिस्टरांनी बचत गटाकडून शेकडा दोन टक्के महिना व्याजाने १५,००० उचलले आणि आगाऊ भरले. सोहळा दसऱ्याला ठरला.

अडचण

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर प्रुफं घेऊन ग्रंथालयात आल्या. “ताई, फक्त शुद्धलेखन तेवढं बघा,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

शुद्धलेखनाच्या चुका होत्याच. व्हॉट्सॲपवरचा युनिकोड मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये उलटवताना जोडाक्षरं मोडली होती. ‘दुसऱ्या’चं सगळीकडे ‘दुसर्या’ झालेलं, काही रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले. पण मला जास्त खटकली ती ओळींची दशा. पानाच्या रुंदीत न मावलेली ओळ संगणकाने कुठेही तोडली होती. कवितेत ओळ कुठे मोडते यात अर्थ असतो. तो इथे कुणी पाहिलाच नव्हता. जागा वाचवायला एकेका पानावर दोन कविता कोंबलेल्या. प्रस्तावनेत सिस्टरांच्या एकाही कवितेतली एकही ओळ उद्धृत नव्हती. त्यांचं नाव काढून दुसरं कुणाचंही घातलं असतं तरी ती चालली असती.

मी करारपत्र मागितलं. करारपत्र नव्हतं. १५,००० रुपयांची पावती होती आणि एक छापील दरपत्रक, ज्यात आयएसबीएनचे म्हणून ३,००० रुपये वेगळे लावलेले. हा क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही. पाचशेपैकी ४५० प्रती सिस्टरांनीच उचलायच्या होत्या. म्हणजे हा प्रकाशक पुस्तक विकणार नव्हता. त्याचं गिऱ्हाईक वाचक नव्हताच, सिस्टर होत्या.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा सिस्टर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पत्रिका गेल्यात ताई सगळ्यांना. डॉक्टरसाहेबांना पण.” अडचण खरी ही होती. पैशापेक्षा चारचौघांत सांगून बसलेली तारीख जड होती. शिवाय घरी ७८ वर्षांची आई. तिला वाचता येत नाही, पण लेकीचं पुस्तक हातात घ्यायचं होतं.

समोरचे पर्याय

ठरल्याप्रमाणे पुढे जाणं हा पहिला पर्याय, आणि तो वाटतो तितका खुळा नव्हता. चुका दुरुस्त करून घेता आल्या असत्या आणि दसऱ्याला पुस्तक हातात असतं. पदरचे पैसे घालून कविता छापणं यात कमीपणाही काही नाही. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढला होता. पण खांडेकरांनी त्या कविता वाचल्या होत्या, त्यांवर प्रस्तावना लिहिली होती. इथे पैसे होते आणि वाचणारा कुणी नव्हता.

दुसरा पर्याय, जिल्ह्याच्या छापखान्यात स्वतः छापणं. आम्ही भाव काढला. डेमी आकार, ९६ पानं म्हणजे १६ पानी सहा फर्मे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे), ७० जीएसएम वजनाचा कागद, रंगीत मुखपृष्ठ, ३०० प्रतींना २६,००० रुपये. पॅकेजपेक्षा स्वस्त, पण विक्री आणि टपाल सगळं त्यांच्याच डोक्यावर.

तिसरा पर्याय नामांकित प्रकाशकाकडे बाड पाठवण्याचा. कवितेला गिऱ्हाईक कमी, म्हणून मोठे प्रकाशक वर्षाला मोजकेच संग्रह काढतात आणि बहुतेक वेळा नियतकालिकांतून नाव वाचलेल्या कवीचे. सिस्टरांचं नाव तोवर कुठल्याच नियतकालिकात आलं नव्हतं.

चौथा पर्याय मला महत्त्वाचा वाटला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशा लेखकाचं हस्तलिखित तज्ज्ञांकडून वाचून घेतलं जातं आणि निवडलेल्यांच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे. काव्याचा तो पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा. हे सांगितल्यावर सिस्टर पहिल्यांदा सावरून बसल्या. दसऱ्याला पॅकेजचं पुस्तक निघालं असतं तर तेच त्यांचं पहिलं पुस्तक ठरलं असतं. नंतर किती चांगला संग्रह केला तरी तो दुसरा. त्या ४५,००० रुपयांत त्यांचं पहिलेपणही खर्ची पडणार होतं, आणि हे कुठल्याच दरपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

पाचवा पर्याय म्हणजे पुस्तक बाजूला ठेवून एकेक कविता नियतकालिकांना पाठवणं. सगळ्यांत सावकाश, आणि दाखवायला हातात काहीच नाही.

निर्णय आणि कृती

सिस्टरांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी फोन आला, “आईला विचारलं. ती म्हणली, कच्चं काढू नको, पोटात दुखतं.” सोहळा रद्द झाला. डॉक्टरसाहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते पाच मिनिटांत झालं.

प्रकाशकाला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहिलं: काम थांबवा, झालेल्या अक्षरजुळणीचे पैसे कापून उरलेले परत करा. तीन फोन आणि दोन महिन्यांनंतर ७,००० परत आले. ८,००० गेले. करार नसल्यामुळे आग्रह धरायला कागद नव्हता. बचत गटाचं व्याज चालूच होतं.

मग निवडीचं काम. ऑक्टोबर ते डिसेंबर, दर रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. सिस्टर, मी, एक निवृत्त गुरुजी आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, जी आमची सगळ्यांत नेमाने येणारी वाचक. एकूण १३७ कविता. रीत साधी: सिस्टरांनी मोठ्याने वाचायची, आम्ही कागदावर फक्त ‘ठेवा’, ‘काढा’ किंवा ‘पुन्हा’ लिहायचं, बोलायचं नंतर. पहिल्याच रविवारी एक गोष्ट दिसली. समूहाच्या विषयांवर लिहिलेल्या, प्रमाणपत्रं मिळालेल्या कविता, पाऊस, आई, मैत्री, लेक वाचवा, या जवळपास सगळ्या ‘काढा’त गेल्या. रजिस्टरच्या पानांवरच्या, कुणाला न दाखवलेल्या कविता राहिल्या.

त्यातली एक इथे देते. मूळ अशी होती:

खांद्याला लसीचा डबा
डब्यात चार बर्फाच्या वड्या
त्या विरघळायच्या आत
तिसरी वस्ती गाठायची
आयुष्यही असंच विरघळतं ना क्षणाक्षणाला

शेवटची ओळ काढा, असं तिघांच्याही कागदावर होतं. सिस्टर दुखावल्या. “ती ओळ काढली तर लोकांना कळणार कसं?” बी.ए.ची मुलगी हळूच म्हणाली, “सिस्टर, मला तिसऱ्या वस्तीलाच कळलं होतं.” त्या दिवशी सिस्टरांनी ओळ काढली नाही. पुढच्या रविवारी आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच ११ कवितांच्या शेवटच्या ओळी खोडून आणल्या होत्या. नव्या कवीला मिळणारी मदत बहुतेक वेळा ‘वा, छान’ अशी असते. सिस्टरांना त्या खोलीत पहिल्यांदा वाचक भेटला, आणि वाचकावर विश्वास टाकला की कविता आखूड होते.

गुरुजींशी मात्र माझा वाद झाला. बाया बोलतात त्या ओळींतलं ‘व्हतं’, ‘लई’, ‘म्हणली’ हे सगळं त्यांनी लाल शाईने प्रमाण केलं होतं. तळमळीनेच, पण त्याने बाळंतिणीच्या तोंडी शिक्षकाची भाषा आली. शेवटी ठरलं असं: कवयित्री बोलते तिथे तिची रोजची मराठी, बाया बोलतात तिथे बायांची.

दुसरा प्रश्न नावांचा. नऊ कवितांत रुग्ण बायांची खरी नावं आणि वस्त्या होत्या. एकीत गर्भपाताचा उल्लेख होता. उपकेंद्रात कळलेली गोष्ट पुस्तकात नावानिशी जाऊ शकत नाही, हे सिस्टर स्वतःच म्हणाल्या. नावं बदलली, वस्त्या काढल्या. दोन कविता इतक्या एकाच बाईच्या होत्या की नाव बदलूनही ओळख लपत नव्हती. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या. त्या दोन्ही कविता संग्रहात उत्तम ठरल्या असत्या.

अखेर ५४ कविता उरल्या. जुन्या फॉन्टची फाइल घ्यायचीच नाही असं ठरवून सिस्टरांनी सगळ्या मोबाइलवर युनिकोडमध्ये नव्याने टंकल्या. या टंकनात आणखी २० एक कविता बदलल्या.

जानेवारी २०२२पासून कविता पाठवायला सुरुवात केली. मराठीत कवितेला अजून बऱ्याच जागा आहेत. पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्यात सुरू केलेलं, केवळ कवितेला वाहिलेलं ‘कवितारती’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, साने गुरुजींनी १९४८मध्ये सुरू केलेली ‘साधना’, आणि शिवाय दिवाळी अंक. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. गणपतीत पाठवलेली कविता बहुधा पुढच्या वर्षासाठी असते. पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे तीन अंक वाचायचे, असा मी नियम घातला. एका वेळी चारपाच कविता, तीन ओळींचं पत्र, प्रमाणपत्रांचा उल्लेख नाही. कोणती कविता कुठे, कधी गेली याची वही ठेवली. उपकेंद्रातल्या लसीकरणाच्या नोंदीसारखीच ती सिस्टरांनी आखली होती.

एवढं करूनही चूक झाली, आणि ती माझी. चार महिने एका संपादकांकडून पोच आली नाही म्हणून त्यांना न कळवता त्याच कविता मी दुसरीकडे पाठवायला सांगितल्या. दोघांनी तीच कविता घेतली. एकाचा अंक छपाईला गेला होता. सिस्टरांनी दुसऱ्या संपादकांना फोन करून माफी मागितली. त्यांनी समजून घेतलं, पण त्या अंकातली जागा गेली. एक ओळीचं पत्र पाठवून कविता मागे घेतली असती तर हे झालं नसतं.

मार्च २०२३पर्यंतचा हिशेब असा: नऊ ठिकाणी २२ कविता पाठवल्या. चार ठिकाणी मिळून सात छापून आल्या. दोन ठिकाणांहून ‘साभार परत’, त्यातल्या एकावर संपादकांनी हाताने लिहिलं होतं, “विशेषणं कमी करा, वस्तू आहेत तशा राहू द्या.” तीन ठिकाणांहून उत्तर नाही. एका मासिकाने ३०० रुपये मानधन दिलं, बाकीच्यांनी अंक. आईने तो अंक उशाशी ठेवला.

अनुदान योजनेसाठीही २०२३च्या सुरुवातीला हस्तलिखित पाठवलं होतं. निकाल यायचा होता. जुलैमध्ये एका लहान प्रकाशकांचा फोन आला. त्यांनी दिवाळी अंकात दोन कविता वाचल्या होत्या आणि त्यातल्या एकीच्या ओळी फोनवर म्हणून दाखवल्या. त्यांचा प्रस्ताव असा: ३०० प्रती, छपाईचा खर्च त्यांचा, सिस्टरांनी १०० प्रती ४० टक्के सवलतीने विकत घ्यायच्या, उरलेल्या दोनशेंच्या विक्रीवर दहा टक्के मानधन.

इथे आमची मतं वेगळी झाली. मी म्हणत होते, निकालाची वाट पाहा. सिस्टरांना थांबायचं नव्हतं. आईला दुसऱ्या डोळ्यानेही दिसेनासं झालं होतं. शिवाय त्यांचं म्हणणं असं की ज्याने आपली ओळ पाठ म्हटली त्याच्याकडे पुस्तक द्यावं. त्यांनी योजनेतून हस्तलिखित मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं आणि प्रकाशकांना होकार कळवला.

या वेळी करार कागदावर झाला. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आम्ही दोन्ही लिहून घेतलं: फक्त मराठी छापील आवृत्ती, तीन वर्षं. भाषांतर, ध्वनिमुद्रण आणि इ-पुस्तक कवयित्रीकडे. प्रती संपून सहा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क आपोआप परत. प्रकाशकांनी एक शब्दही न काढता सही केली. अंतिम प्रुफं सिस्टरांनी सहीनिशी मंजूर केल्याशिवाय छपाई नाही, हे कलम प्रकाशकांनी स्वतःहून घातलं.

निष्पत्ती

जानेवारी २०२४मध्ये संग्रह निघाला. ९६ पानं, एका पानावर एकच कविता, किंमत १६० रुपये. सिस्टरांनी १०० प्रतींचे ९,६०० रुपये भरले. त्यातल्या ४० वाटल्या, ६० जणांना १३०ला दिल्या, ७,८०० आले. आधीचे बुडालेले ८,००० धरले तर व्याज सोडून पदरचे ९,८०० गेले. प्रकाशकांच्या दोनशेंपैकी दीड वर्षात १३१ विकल्या गेल्या. त्यातल्या ३८ ग्रंथालयांनी घेतल्या, आमचं एक. तीन परीक्षणं आली. प्रथम प्रकाशनाच्या दोन पुरस्कारांना पुस्तक पाठवलं, मिळाला नाही. आईने पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावर बोट फिरवलं आणि “खडबडीत नाही, चांगलंय” म्हणाल्या. आमच्या प्रतीच्या चिठ्ठीवर आज १९ शिक्के आहेत.

आज पुन्हा ठरवायचं झालं तर

आगाऊ रक्कम देण्याआधी सिस्टर ग्रंथालयात यायला हव्या होत्या असं म्हणणं सोपं आहे. पण त्या सभासद होत्या, दर महिन्याला पुस्तक बदलायला येत होत्या, आणि त्या लिहितात हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं. मीच कधी विचारलं नाही. आता सभासदाच्या अर्जावर मी ‘आपण काही लिहिता का?’ असा रकाना हाताने आखते. गेल्या वर्षी चार जणांनी ‘हो’ लिहिलं.

निकालाआधी हस्तलिखित मागे घेणं योग्य होतं का, यावर माझं मन अजून ठरत नाही. अनुदान मिळालं असतं तर ते ९,६०० वाचले असते आणि पुस्तकामागे मंडळाच्या निवडीचं बळ असतं. दुसऱ्या बाजूला, पुस्तक निघाल्यानंतर सात महिन्यांनी आई गेल्या.

आणि नावांचा निर्णय. तो आम्ही चौघांनी बंद खोलीत घेतला आणि मनोमन बरं वाटून घेतलं. मे २०२४मध्ये ग्रंथालयात सिस्टरांचं वाचन ठेवलं, तेव्हा आशा सेविका आणि वस्तीवरच्या काही बाया आल्या होत्या. एका कवितेत रात्री बैलगाडीतून आणलेल्या बाळंतिणीची गोष्ट आहे. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतली एक बाई उठून सिस्टरांपाशी आली. तिच्या कडेवर चार वर्षांचा मुलगा होता.

“सिस्टर, ही माझीच हाय ना?”

सिस्टर काही बोलल्या नाहीत.

“मग माझं नाव का नाही टाकलं? आमचं नाव कुठं येतंय पुस्तकात?”

एका वर्षानंतर दुसऱ्या आवृत्तीची बोलणी सुरू झाली, तेव्हा सिस्टर रजा टाकून नऊ घरी गेल्या. प्रत्येकीला तिची कविता वाचून दाखवली आणि विचारलं. पाच जणी नाही म्हणाल्या. एक रडली आणि काहीच बोलली नाही, तिचं नाव बदललेलंच राहील. तिघींनी होकार दिला, आणि त्यांतल्या एकीने नाव कसं लिहायचं तेही सांगितलं: नवऱ्याचं नको, नुसतं माझं आणि माझ्या आईचं.